साक्षीत डॉक्टर नाही

२८ मे १९९८, अनाहाइम

पास्टर क्लिफला आज मी तोंडावर सांगितलं, की वृद्धाश्रमाने ही बस टाकून दिली ती उगाच नाही. व्हीलचेअर चढवायचा पाळणा मागे अजून तसाच आहे आणि सीटांना आजारी माणसांचा वास येतो. हिच्यात बसून माझा नातू तादेओ आणि त्याचा बँड पार ओरेगनपर्यंत जाऊन येणार, गावोगावच्या चर्चमध्ये वाजवत. आणि गाडी चालवणार कोण, तर वेस. वेस ड्रम वाजवतो. गाडीही तो तशीच चालवतो, दोन्ही पाय आपटत.

क्लिफ म्हणाला, "मिसेस बाराहास, देव राखणारा आहे."

"देव राखतो," मी म्हणाले, "पण तो चाकातली हवा तपासत नाही."

मग माझ्याच तोंडून निघून गेलं, की मी चालवते. निवृत्त होईपर्यंत शाळेची पिवळी बस चालवली, एकाही मुलाला खरचटू दिलं नाही. क्लिफने ताबडतोब डोळे मिटून माझ्यासाठी देवाचे आभार मानले. या लोकांचं हे असं असतं. काम मी करायचं, आभार वर जाणार.

घरी येऊन खुर्चीत बसले तेव्हा कळलं, काय बोलून बसले ते. माझा नवरा रुबेन आज असता तर म्हणाला असता, कोन्सुएलो, तुझी जीभ तुला एक दिवस कड्यावर नेऊन उभी करणार.

३ जून

आमच्या कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर मैत्रीण ओफेलियाने विचारलं, तुझा नातू वाजवतो ते नक्की असतं तरी काय. स्का, मी म्हणाले. जमैकात जन्मलं, इंग्लंडात वाढलं आणि आमच्या ऑरेंज काउंटीत येऊन तारण पावलं. यात गिटार ठेक्यावर वाजत नाही, दोन ठेक्यांच्या मधल्या फटीत वाजते, उचकी लागल्यासारखी. वर ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन. पोरं जुन्या कपड्यांच्या दुकानातले मेलेल्या माणसांचे सूट घालतात, बारीक टाय लावतात आणि जागच्या जागी धावतात, उशीर झालेल्या कारकुनांसारखी.

काही वर्षांपूर्वी हेच चर्चवाले याला सैतानाचा धिंगाणा म्हणत होते. ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांत यांच्या कॅसेट काउंटरखाली लपवून ठेवत. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की या संगीतामुळे पोरं हॉलमध्ये येतात आणि नाचून दमली की सांगितलेलं ऐकूनही घेतात. आता प्रत्येक चर्चला शुक्रवारी स्का हवा. शाळेच्या कवायतीच्या बँडमधली, ज्यांच्याकडे एकही मुलगी ढुंकून बघत नव्हती ती ट्रॉम्बोनवाली पोरं रातोरात नवरदेव झाली. तादेओ त्यांतलाच.

बँडचं नाव 'अदर नाइन', म्हणजे उरलेले नऊ. येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले, त्यांतला एकच आभार मानायला परत आला. न परतलेले ते हे. मोजले तर आठच भरतात.

ओफेलिया म्हणाली, "आणि या सगळ्यात देव कुठे असतो गं?"

"मध्ये," मी म्हणाले. "गाणी थांबवतात तेव्हा."

शाळेत सिस्टर बर्नार्डिनने मला लॅटिन शिकवलं ते हे दिवस बघायला.

९ जून

निघायच्या आधी ग्रासिएलाकडे जेवायला गेले. माझी मुलगी, तादेओची आई. चार वर्षांपूर्वी तिच्या आजारपणात क्लिफच्या चर्चमधल्या बायका जेवणाचे डबे घेऊन आल्या, आणि डब्यांच्या मागोमाग ती त्यांच्या चर्चमध्ये गेली. मी काही बोलले नाही. फार बोलले नाही.

बारीक झाली आहे. नवा आहार चाललाय म्हणाली. त्या चर्चमध्ये बायकांचे आहारही एकत्र चालतात. मोठं पातेलं वरच्या फळीवरून तादेओने काढून दिलं. तिने सांगितलंही नव्हतं, हा आपणहून उठला. मला बरं वाटलं, पोरगा कामाला लागला म्हणून. निरोपाला मी कवटाळलं तर अंग चोरून उभी राहिली. मी म्हणाले, आता आईलाही मिठी मारायची नाही असं काही नवीन निघालंय का तुमच्याकडे? ती हसली, म्हणाली, "आई, तू जा गं. आणि त्याला साक्ष द्यायला लाव हं, देवाने मला कसं बरं केलं त्याची. कंटाळा करतो अलीकडे."

तादेओ ताटाकडे बघत होता.

तादेओचा बाप टेक्सासला गेला तो नाताळच्या कार्डापुरता उरला. म्हणजे या घरात ही दोघंच. तादेओ आणि मी महिनाभर नसणार, तर ती एकटीच.

१४ जून, बेकर्सफील्ड

डोंगर उतरताना हाताला इतका घाम, की जाकिटाच्या बाह्या तळव्यांवर ओढून स्टिअरिंग धरलं. मागे वाद्यांची ट्रेलर, ती आपल्याला ढकलत राहते. उजवीकडे ट्रकवाल्यांसाठी वाळूचे चढ केलेत, ब्रेक गेले तर तिकडे घुसायचं. प्रत्येक चढाकडे मी बघून ठेवत होते.

आरशाला मी ग्वादालुपेच्या मातेचं पदक अडकवलंय. पोरांना ते खुपतं, त्यांच्यात मरियेला नुसती ओळखीची बाई मानतात. वेस म्हणाला, "मिसेस बी, तुमची मरिया गाडीत आहे, मग ब्रेकवाल्याकडे दोनदा कशाला गेलात?"

"ती रस्ता बघते. ब्रेक मी बघते."

युन्मी खो खो हसली. ती ट्रम्पेट वाजवते, कोरियन पास्टरची मुलगी. या कळपात तेवढी एक शुद्धीवर आहे.

संध्याकाळचा कार्यक्रम एका चर्चच्या व्यायामशाळेत. अर्ध्यावर गाणी थांबवली, दिवे मंद केले, एकाने ऑर्गनचा एकच सूर धरून ठेवला आणि तादेओने साक्ष दिली. मी ती पूर्वी ऐकली होती, पण आज दाराशी उभी राहून नीट ऐकली. तो पंधरा वर्षांचा होता. आईला कर्करोग झाला. डॉक्टरांनी मान हलवली. दिवाणखान्यात सगळे गुडघ्यांवर बसले, त्याने आयुष्यात पहिल्यांदा मनापासून प्रार्थना केली. आणि आई बरी झाली. आज ती घरी आहे, ठणठणीत आहे. ज्याला असा देव हवा असेल त्याने पुढे यावं.

पोरं पुढे आली. रडत होती, अंगावरचे सूट घामाने चिकटलेले.

मी तिथेच धुमसत होते. डॉक्टरांनी मान कधी हलवली? डॉक्टर हाकोब्यान बाईंनी तिला कापून शिवली. मग उभा हिवाळा ते औषध शिरेतून गेलं. दर आठवड्याला मी तिला नेत होते, येताना ती माझ्या गाडीत उलट्या करत होती. दोन वर्षांपूर्वी या साक्षीत निदान "डॉक्टर" असा एक शब्द मदतीला होता. मग तो मान हलवण्यापुरता राहिला. प्रत्येक गावी साक्ष थोडी छोटी आणि थोडी सुंदर होते.

१९ जून, फ्रेस्नो

तादेओ साक्षीच्या आधी ओकतो. गाणं चालू असताना ट्रॉम्बोन खाली ठेवून मागे गेला, मी मागोमाग. मोरीत वाकलेला होता. परत येऊन तोंड पुसलं आणि माइकपाशी जाऊन गोड आवाजात "माझी आई ठणठणीत आहे" म्हणाला.

रुबेनचंही असंच सुरू झालं होतं. आधी पित्त म्हणत होता, मग हिरवळीवर पडला तो उठलाच नाही. काळजाचं दुखणं घराण्यात उतरतं. दुपारी तादेओ सीटवर झोपला होता तेव्हा मी गाडी उभी करून त्याच्या मनगटाला हात लावला. तो दचकून जागा झाला.

"आजी, काय करतेस?"

"घड्याळ बघतेय."

"मी घड्याळ घालत नाही."

२३ जून, सॅक्रामेंटो

आज रेकॉर्ड कंपनीचा माणूस आला. मुलांच्या जेवणाचे पैसे त्याने दिले, म्हणजे बातमी वाईट असणार हे मी ओळखलं. म्हणाला, घरच्या मुक्कामाचा शेवटचा कार्यक्रम पूर्ण रेकॉर्ड करू, साक्षीसकट. साक्षच खपते. मग टिश्यूने ओठ टिपत म्हणाला, पुढच्या वर्षी मात्र ट्रम्पेट-ट्रॉम्बोन नकोत. लाट ओसरते आहे, आता सगळ्यांना जड गिटार हवी.

वेस म्हणाला, "म्हणजे आम्ही बुडायच्या आत फोटो काढून घ्यायचा."

युन्मीने विचारलं, "मग मी काय करू? त्रिकोण वाजवू?"

सगळे हसले. एरवी मीही त्या माणसाला चार शब्द सुनावले असते. आज नाही जमलं. ज्यांचं वाजवणं उद्या कुणाला नको असणार त्यांना मी डोंगरावरून खाली-वर नेते आहे, आणि माझ्या पोराच्या चेहऱ्यावर रक्त नाही. त्याला ट्रॉम्बोन गेल्याचं काहीच वाटलं नाही. त्याने एवढंच विचारलं, "साक्ष ठेवायलाच हवी का?"

२७ जून, रेडिंग

झडती घेतली. मुलं पोहायला गेली तेव्हा त्याची पिशवी सीटवर उलटी केली. गोळ्या, पावडरी, सुई, जे जे टीव्हीवर सांगतात ते सगळं शोधलं. काही नाही. फक्त सार्वजनिक फोनची कार्डं, वापरून संपलेली, मूठभर.

संध्याकाळी पेट्रोल पंपावर तो फोनच्या खोक्यात होता. मी चाकापाशी वाकून ऐकलं. लाज वाटायची वेळ गेली.

"एकदाच जाऊन दाखव ना. कुणाला कळणार नाही... नाही, मी कुणालाही सांगितलेलं नाही... वाढतंय ना पण ते. तूच म्हणालीस वाढतंय... प्लीज."

देवा. कुणाला तरी दिवस गेले आहेत.

हा एकोणीस वर्षांचा. ती कोण, किती मोठी, कुणाची मुलगी, काही ठाऊक नाही. आणि हा रोज संध्याकाळी लोकांच्या मुलींना सन्मार्गाला लावतो. ओकारी का येते ते कळलं. मी बसमध्ये चढले आणि मला आरसा नीट लावता येईना.

३ जुलै, मेडफोर्ड, ओरेगन

ग्रासिएलाला फोन केला. पोराचं सरळ सांगायचं नाही, नुसता सुगावा घ्यायचा असं ठरवून.

"तादेओच्या मागे कुणी मुलगी आहे का गं?"

तिला इतकं हसू आलं, की खोकला लागला. बराच वेळ थांबेना. मी म्हणाले, सिरप घे. ती म्हणाली, "एसीचं आहे गं. आई, त्याच्या मागे फक्त तू आहेस." मग विचारलं, "काल किती जण पुढे आले?"

"मी मोजत नाही. मी ट्रेलर बघते."

"मोज ना. माझ्यासाठी."

आवाज असा, जसा लहानपणी ताप आला की यायचा. मी विषय बदलला. का बदलला कुणास ठाऊक. फोन ठेवल्यावर उगाच बसभोवती फेऱ्या मारल्या, प्रत्येक चाकाला लाथ मारून बघितली.

१० जुलै, नेवाडा, लास व्हेगासच्या बाहेर

दुपारी कपडे धुवायच्या दुकानात मी त्याला गाठलं. बाहेर असं ऊन, की पळून जायला जागा नाही. यंत्रांत आठ जणांचे सूट फिरत होते.

"कोण आहे ती?"

"कोण ती?"

"जिला तू फोनवर डॉक्टरकडे जा म्हणून विनवतोस. कितवा महिना?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "आजी, तुला काय वाटतंय?"

"मला वाटतंय मी पणजी होणार आहे."

तो हसला. हसता हसता भिंतीला टेकला आणि खाली बसला.

"आई आहे ती," तो म्हणाला.

मला कळलं आणि मी कळू दिलं नाही. मी यंत्राचं झाकण उघडलं, आतले ओले कपडे काढायला लागले. तो बोलत राहिला. गाठ परत आली आहे. हिवाळ्यात आली. तिने फक्त त्याला सांगितलं.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"जातच नाही ती. म्हणते, देवाने एकदा बरं केलंय. आता डॉक्टरकडे जायचं म्हणजे त्याला खोटं पाडायचं. त्या रोगाचं नावही घ्यायचं नाही. नाव घेतलं की त्याला घर मिळतं म्हणे."

"आणि तू रोज उभा राहून सांगतोस, ठणठणीत आहे."

"तीच म्हणते, थांबू नकोस. कुठूनही फोन केला की पहिला प्रश्न, किती जण पुढे आले? मी आकडा सांगतो. मग तिचा आवाज सुधारतो. आजी, ती त्या आकड्यावर जगतेय. फ्रेस्नोला बारा आले होते, मी तीस सांगितले."

एवढं मोठं पोर माझ्या मांडीत तोंड घालून रडलं. मी त्याच्या पाठीवर ओलं जाकीट ठेवून बसले होते. ते काढायचं मला सुचलं नाही.

पुढच्या दोन गावांना कळवलं, की बस बिघडली. खोटं बोलले. कबुली देईन केव्हातरी.

११ जुलै, रस्त्यात, बार्स्टो

पहाटे निघालो. इथे थांबून फोन केला. तिने उचलला तो आनंदाने, आणि माझा श्वास ऐकूनच तिला समजलं.

"त्याने सांगितलं."

"ग्रासिएला, आजच्या आज डॉक्टर हाकोब्यानकडे जायचं. मी दोन-तीन तासांत पोचते."

"आई, ती सगळी पोरं माझ्यामुळे पुढे आली. मी बरी झाले म्हणून. उद्या मी तिथल्या खुर्चीत सुई लावून बसले तर त्यांना काय सांगायचं? की तुम्हाला फसवलं?"

"त्या पोरांना काही सांगू नकोस. ती वर्षभरात दुसऱ्या कुठल्या तरी गाण्यावर नाचतील. मला सांग. मी तुझी आई आहे."

"तुला नाही कळायचं. तुमच्यात सगळं मेणबत्तीवर भागतं."

"मेणबत्ती लावून मी गाडीची किल्ली घेत होते," मी म्हणाले. "दर आठवड्याला."

तिने फोन ठेवला.

युन्मी शेजारी येऊन बसली. मी तिला म्हणाले, मला भीती वाटते. या वयात पहिल्यांदा कुणाला तरी मोठ्याने सांगितलं. ती म्हणाली, "गाडी मी चालवू का?" मी नाही म्हटलं. किल्ली माझ्याकडेच ठेवली.

आजवर एकूण किती पोरं पुढे आली असतील? गावोगावची शेकडो पोरं माझ्या मुलीने आपल्या छातीवर घेतली आहेत, जिथे ती गाठ आहे तिथेच.

१२ जुलै, अनाहाइम

काल तिने दार उघडलं नाही. आत रेडिओ चालू होता, भजनं. मी पायरीवर बसून राहिले. शेवटी आतून म्हणाली, "आई, शेजारी बघतायत. उद्या कार्यक्रमाला येईन. तिथे भेटू."

आज दुपारी क्लिफच्या चर्चमध्ये गेले. हॉलमध्ये रेकॉर्डिंगच्या वायरी पसरत होते. क्लिफला एका बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो खुर्चीवर बसला. त्याला खरंच माहीत नव्हतं, हे मला मान्य करायला हवं.

"मी कधीच कुणाला डॉक्टरकडे जाऊ नका म्हणालो नाही," तो म्हणाला.

"म्हणाला नाहीस. टाळ्या वाजवल्यास."

 शेवटी क्लिफ म्हणाला, आज साक्ष काढून टाकू, नुसती गाणी वाजवा. तादेओ मागे उभा होता. "नाही," तो म्हणाला. "साक्ष द्यायची आहे."

मी त्याला ओढत बाहेर नेलं. "आईला चव्हाट्यावर आणलंस तर बघ. ती पुन्हा कधी तोंड दाखवणार नाही. ना तुला, ना मला, ना डॉक्टरला."

"ती चव्हाट्यावरच आहे, आजी. दोन वर्षं मीच उभं केलंय तिला तिथे."

मी जपमाळ काढली आणि कुठल्या मण्यावर आहे तेच कळेना.

संध्याकाळी हॉल तुडुंब. ग्रासिएला तिसऱ्या रांगेत, पिवळ्या ड्रेसमध्ये, ओठांना रंग. तो ड्रेस तिला घट्ट होत असे. बायका येऊन येऊन तिला भेटत होत्या, आणि प्रत्येक वेळी ती उजवा खांदा पुढे करत होती.

पोरांनी जीव तोडून वाजवलं. शेवटचंच वाजवत असल्यासारखं. मग थांबले, दिवे उतरले, ऑर्गनचा सूर लागला. तादेओने मागे वळून हाताने खूण केली, सूर बंद. इतकी शांतता, की पंखे ऐकू आले.

तो म्हणाला, "माझ्या आईला कर्करोग झाला तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. हे तुम्ही ऐकलंय. आज मी गाळलेलं सांगतो. डॉक्टर हाकोब्यान नावाच्या बाई आहेत. त्यांनी ऑपरेशन केलं. ते सकाळी सुरू झालं आणि माझं दुपारचं जेवण तसंच राहिलं. मग औषधं. आईचे केस मी पिशवीत भरून टाकले. आजी तिला गाडीतून न्यायची, तेव्हा ती मांडीवर बादली घेऊन बसायची. नेव्हिल नावाचा एक नर्स होता, तो तिला सुई टोचताना घाणेरडे विनोद सांगायचा आणि ती हसायची. मी प्रार्थना करत होतो, रोज. या सगळ्याच्या मधेमधे करत होतो. देव कुठे होता मला नक्की सांगता येत नाही. मला वाटतं तिथेच होता, त्या खोलीत, बादलीपाशी. ते मी गाळलं, कारण त्याशिवाय गोष्ट छान वाटायची. एवढंच."

आणि माइकपासून मागे सरला. पुढे या असं म्हणालाच नाही.

कुणी टाळी वाजवली नाही. तरी मागून तीन-चार मुली सवयीने चालत पुढे आल्या आणि मंचापाशी येऊन उभ्या राहिल्या. पुढे काय करायचं ते कुणीच सांगेना. एकीने दुसरीचा हात धरला. कंपनीचा माणूस यंत्राकडे बघत डोकं खाजवत होता.

ग्रासिएला उठली. पर्स घेतली आणि बाजूच्या दाराने निघून गेली. मी धावले, पण गुडघे. मी पोचेपर्यंत तिची गाडी वळली होती.

तादेओवर मी संतापले. म्हणाले, "मुख्य गोष्ट बोललाच नाहीस. एवढं नाटक करून ती परत आलीय हे काही सांगितलं नाहीस. आता ती जाईल कशी?"

"बोललो, आजी," तो म्हणाला. फार थकलेला होता.  पण काय बोलला? जुनीच गोष्ट सांगितली.

१३ जुलै

फोन उचलत नाही. दार उघडत नाही. तादेओ आत आहे, खिडकीतून म्हणाला, "ती झोपलीय." दिवसभर कुणी झोपतं का? मी घरी येऊन कपाटं आवरली, मग पुन्हा विस्कटून पुन्हा आवरली. मेणबत्ती लावली आणि ती पडदा पेटवेल म्हणून विझवली. 

१४ जुलै

सकाळी कॉफी ओतत होते तेव्हा ग्रासिएला दारात उभी. ओठांना रंग नाही, केस विंचरलेले नाहीत. तिच्यामागे फाटकात तादेओ.

"माझी गाडी चालू होत नाही," ती म्हणाली. "बोलणार नसशील तर मला सोड."

कुठे, हे मी विचारलं नाही. माझी गाडी वर्कशॉपमध्ये, दारात वृद्धाश्रमाची ती बस उभी. तीच काढली. ग्रासिएला पहिल्या सीटवर बसली, तादेओ मागे वाद्यांच्या पेट्यांपाशी. सूट अजून उतरवलेले नाहीत, घामाचा आणि पितळेच्या तेलाचा वास. वळणावर ड्रमची एक थाळी झांजेसारखी वाजली. कुणी हसलं नाही.

अर्ध्या वाटेत ती म्हणाली, "नेव्हिलचं त्याला कसं आठवलं? मी विसरले होते त्याला."

मी बोलणार नव्हते, म्हणून बोलले नाही.

"तो अजून तिथे असेल?"

"असेल," तादेओ मागून म्हणाला.

हॉस्पिटलच्या पार्किंगला छत खाली, बस शिरेना. मागे गाड्यांची रांग, हॉर्न. मी तिथेच आडवी उभी केली. लावा दंड.

आता नोंदणीच्या खिडकीशी उभे आहोत, म्हणजे होतो, हे मी नंतर बाकावर बसून लिहिते आहे.  पलीकडे नवीन मुलगी बसलेली, कुणाला ओळखत नव्हती. अपॉइंटमेंट आहे का, तिने विचारलं. नव्हती. डॉक्टर हाकोब्यानकडे पूर्वी येत होतात का? ग्रासिएलाने होकारार्थी मान हलवली. मुलीने पेन उचलून विचारलं, "काय होतंय तुम्हाला?"

मी तोंड उघडलं. तादेओने माझा दंड दाबून धरला. इतका घट्ट, की आत्ताही दुखतोय.

ग्रासिएलाने खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही हात ठेवले. डावा हात उचलताना तिचा चेहरा वाकडा झाला. मागच्या रांगेतल्या बाईला ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात ती म्हणाली, "मला कर्करोग आहे."

मुलीने ते लिहून घेतलं आणि म्हणाली, "बसा. बोलावतील."